डिसेंबरात इंडियाला येताय? आधी पाण्याचा मेन कॉक बंद करा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठले की आपल्या मराठी पेपरात फोटोसकट बातमी येते आणि लोक कौतुकाने बघतात. बरोबरच आहे, आपल्याकडे थंडी म्हणजे शेकोटी, हुरडा आणि स्वेटर, घरातल्या नळाचं पाणी गोठून पाईप फुटेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पण तुमचा पेपर मोबाईलवर वाचणारे आम्ही बरेच जण आता टेक्ससमध्ये, जॉर्जियात, न्यू जर्सीत, मिशिगनमध्ये घरं घेऊन राहतोय आणि आमचे आईवडील तिकडे पुण्यात नाशकात हाच पेपर वाचतात, म्हणून हे पत्र मुद्दाम तुम्हाला लिहितेय. शक्य असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत छापा, जानेवारीत छापून काही उपयोग नाही.

मला एकच गोष्ट सांगायचीये. डिसेंबरात भारतात यायला निघालात की घराला कुलूप लावायच्या आधी पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. नुसतं हीटिंग चालू ठेवून निघू नका. आणि तो व्हॉल्व्ह कुठे आहे, कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, मुलांना, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना सुद्धा.

आठवून बघा, आपल्या घरी मे महिन्यात गावाला निघताना आई काय काय करायची. गॅसचं रेग्युलेटर काढायची, बाबा मेन स्विच पाडायचे, टाकीचा कॉक बंद, मोरीतला नळ दोनदा तपासायचा, मग शेजारी किल्ली द्यायची आणि मगच रिक्षात बसायचं. हे सगळं आपण बघत बघत मोठे झालो. आणि इथे आल्यावर काय करतो तर बॅगा वजन करतो, चकली-बदाम-चॉकलेटांचे हिशोब करतो, पासपोर्ट ओसीआय कार्ड चारदा बघतो, आणि पाण्याचं मात्र कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण इथे पाणी चोवीस तास येतं आणि येतं म्हणजे येतंच, ते बंद करायची वेळ कधी आलेलीच नसते.

इथेच खरा फरक आहे. आपल्याकडे गच्चीवर टाकी असते. पाईप फुटला तरी टाकी रिकामी झाली की पाणी थांबतं. इथे बहुतेक घरात टाकी नाही, म्युनिसिपालिटीची लाईन थेट भिंतीतल्या पाईपला जोडलेली, आणि प्रेशर ४० ते ८० पीएसआय (दाब मोजायचं एकक). भिंतीतला अर्ध्या इंची पाईप फुटला आणि मिनिटाला फक्त ५ गॅलन पाणी गेलं असं धरा, तर तासाला ३०० गॅलन झाले, म्हणजे ११०० लिटरच्या वर, आपली गच्चीवरची हजार लिटरची सिंटेक्सची टाकी दर तासाला घरात ओतल्यासारखं. आणि घरमालक तीन आठवडे दादरला लग्नात. किती पाणी जाईल त्याचा हिशोब तुम्हीच करा, आणि ती घरं लाकडाची, भिंती जिप्समच्या, खाली कार्पेट.

आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाचं असंच झालं. डिसेंबर २०२२, भावाचं लग्न म्हणून चौघंही ठाण्याला गेलेले. त्या ख्रिसमसच्या आठवड्यात एलियट नावाचं वादळ आलं, डॅलसपासून अटलांटापर्यंत सगळीकडे पारा एकदम कोसळला, तिकडे जॅक्सन आणि मेम्फिसमध्ये तर गावच्या पाण्याच्या लाईनी फुटून कितीतरी लोक पाण्याविना बसले. आणि तारखा बघा ना, बरोबर २२ ते २६ डिसेंबर, म्हणजे आपली अर्धी मंडळी भारतात असतात तोच आठवडा. यांच्या गॅरेजच्या वर बाथरूम आहे, त्याचा पाईप बाहेरच्या भिंतीतून जातो, तो फुटला. शेजारच्या अमेरिकन बाईंनी गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहताना बघितलं म्हणून कळलं तरी. त्यांनी फोन केला तर ठाण्यात मध्यरात्र, साडेअकरा तासांचा फरक, फोन सायलेंटवर. उचलला तेव्हा त्या बाई विचारतात व्हॉल्व्ह कुठे आहे, आणि हे दोघं नवराबायको लग्नघरात एकमेकांकडे बघतायत कारण दोघांनाही माहीत नाही, घर घेऊन इतकी वर्षं झाली तरी. शेवटी सिटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, इमर्जन्सी नंबरवर फोन करून माणूस आला आणि त्याने रस्त्याकडचं मीटर बंद केलं, पण तोपर्यंत वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्या किचनच्या सिलिंगमधून आलेलं. देवघर, मुलांची पुस्तकं, लग्नातले अल्बम, सगळं भिजलं. घर पुन्हा राहण्यासारखं व्हायला उन्हाळा उजाडला. मी त्यांच्या घरी गेले होते नंतर, भिंतींचा खालचा चार फूट भाग कापून काढलेला, आतले लाकडी खांब दिसतायत आणि मोठमोठे पंखे रात्रंदिवस घोंघावतायत. पैशाचं नुकसान भरून निघतं हो, पण त्या वहिनी अल्बमची पानं एकेक करून टिश्यूवर पसरत होत्या ते बघवत नव्हतं.

आता कुणी म्हणेल आम्ही थर्मोस्टॅट, म्हणजे हीटिंगचं तापमान ठरवणारं यंत्र, ५५ वर ठेवून जातो, सगळे तेच सांगतात. हो, ५५ फॅरनहाइट म्हणजे साधारण १३ सेल्सियस, त्याच्या खाली ठेवूच नका, आणि शक्य असेल तर ६० ठेवा. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. १५ फेब्रुवारीच्या पहाटे वीज जायला सुरुवात झाली, ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली, १६ तारखेला डॅलसच्या विमानतळावर उणे २ फॅरनहाइट नोंदवलं गेलं, म्हणजे उणे १९ सेल्सियस, १९४९ नंतर एवढी थंडी इथे पडलीच नव्हती. लोकांना वाटायचं आमचं हीटिंग गॅसवर आहे, विजेचा काय संबंध. पण गॅसच्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, पंखा आणि त्याचा कंट्रोल बोर्ड विजेवरच चालतो, वीज गेली की हीटिंग गेलं. बाहेरच्या भिंतीवर लावलेले टँकलेस गीझर असतात ना, त्यात पाणी गोठू नये म्हणून छोटा हीटर असतो, तो पण विजेवर, तेही कितीतरी फुटले. सरकारी आकड्याप्रमाणे त्या वादळात राज्यात २४६ माणसं गेली, काही तर गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून किंवा घरात कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेताना कार्बन मोनॉक्साईडने गेली. तेव्हा वीज जाणार नाही या भरवशावर घर सोडून सात समुद्रापार येऊ नका. पाणीच आत नसेल तर फुटणार काय आणि वाहणार काय.

पाईप फुटतो कसा तेही थोडं सांगते, कारण बहुतेकांना वाटतं बर्फ फुगला आणि पाईप तिथेच तडकला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे खरंय, पण बऱ्याचदा पाईप बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फाचा गोळा पुढे सरकतो आणि तो गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकलंय त्याचं प्रेशर भयंकर वाढतं, मग तिथे जी कमजोर जागा असेल तिथे पाईप फाटतो, कधी कधी उबदार खोलीत सुद्धा. म्हणून तर नळ थेंब थेंब ठिबकत ठेवायला सांगतात, त्याने अडकलेलं प्रेशर निघून जातं. आणि दुसरी गोष्ट, पाईप गोठलेला असतो तोवर बर्फानेच भोक बुजवलेलं असतं, काहीच कळत नाही. दोन दिवसांनी ऊन पडतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि नेमकं तेव्हा पाणी सुटतं. २०२१ ला आमच्या गल्लीत बर्फ वितळला त्या दुपारी एकामागून एक घरांतून आरडाओरडा ऐकू आला. त्यामुळे थंडी गेली म्हणून लगेच घर सोडून बाहेर जाऊ नका, सगळे नळ उघडून बघा, भिंतीला कान लावा, पाण्याचं मीटर बघा, सगळे नळ बंद असताना मीटरचा छोटा काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय.

दक्षिणेतल्या लोकांनी तर जास्तच सांभाळायला पाहिजे. मिनेसोटा, मिशिगनवाल्यांची घरं थंडीसाठीच बांधलेली असतात, तिथे पाईप आतल्या भिंतींतून असतात, पाण्याची लाईन जमिनीत खोल असते. टेक्ससमध्ये बेसमेंट नाही, घर सिमेंटच्या स्लॅबवर, आणि पुष्कळ घरांत पाईप अ‍ॅटिकमधून म्हणजे छपराखालच्या माळ्यावरून फिरवलेले, जिथे घराची ऊब पोचतच नाही. इथे धोक्याची खूण म्हणून २० फॅरनहाइट धरतात, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या आसपास. रात्रीचं भाकीत २० च्या खाली दिसलं की कामाला लागायचं.

आपल्या काश्मीरच्या लोकांना हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे, २१ डिसेंबरपासूनच्या चिल्लई कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या, ४० दिवसांत श्रीनगरला नळ गोठतात हे तिथल्या पोराटोरांना माहीत असतं. आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही, मग शिकायला नको का?

तर आता व्हॉल्व्ह. टेक्ससमध्ये तो बहुतेक घरासमोर रस्त्याच्या कडेला जमिनीत झाकणाखाली असतो, पाण्याच्या मीटरच्या बाजूला. काही घरांत गॅरेजच्या भिंतीत किंवा पुढच्या फुलझाडांच्या वाफ्यात वेगळी छोटी पेटी असते. झाकण उघडताना हातमोजे घाला, आत लाल मुंग्या आणि कोळी असतात, ब्लॅक विडो नावाची विषारी कोळीण पण सापडते. न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागोकडे तो बेसमेंटमध्ये असतो, जिथून रस्त्याची लाईन घरात शिरते त्या भिंतीवर. गोल चक्री असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद होतो, दांडीवाला असेल तर पाव वळण, दांडी पाईपला आडवी झाली की बंद. जुनी चक्री वर्षानुवर्षं हलवलेली नसेल तर जोर लावू नका, आतला दांडा तुटतो आणि मग भलतंच होऊन बसतं. प्लंबर बोलावून दांडीवाला बसवून घ्या, नोव्हेंबरात प्लंबर आरामात मिळतो, वादळाच्या दिवशी त्याच्या फोनवर रांग असते. मीटरच्या पेटीतला फिरवायला लांब लोखंडी चावी लागते ती होम डेपो नाहीतर लोजसारख्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणून गॅरेजच्या दाराशी टांगून ठेवा.

निघायच्या दिवशी मेन बंद केला की वरच्या मजल्यावरचे आणि खालचे सगळे नळ उघडा, गरम थंड दोन्ही, पाणी निघून जाऊ द्या, फ्लश करा, मग नळ बंद करा. पाणी तापवायची टाकी असेल तर गॅसवाली पायलट किंवा व्हेकेशनवर ठेवा, विजेवाली असेल तर बोर्डावरचा तिचा ब्रेकर (स्विच) पाडा, कारण टाकी रिकामी झाली आणि आतली कॉइल चालू राहिली तर जळते. हीटिंग मात्र चालू ठेवायचं, पाणी बंद केलं म्हणून हीटिंग बंद करू नका, पाईपच्या कोपऱ्यात थोडं पाणी राहतंच. फक्त एक काळजी घ्या, ज्यांच्या घरात जुन्या पद्धतीचं गरम पाण्याचं किंवा वाफेचं रेडिएटर आहे, न्यू जर्सीकडच्या जुन्या घरांत असतं, किंवा टाऊनहोममध्ये (रो-हाऊसमध्ये) आगीचे स्प्रिंकलर आहेत, त्यांनी आधी टेक्निशियनला किंवा सोसायटीच्या असोसिएशनला विचारा, तिथे सरसकट मेन बंद करून चालत नाही.

बागेतला होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, काढून ठेवा हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम. थंडीत न फुटणारा म्हणून विकतात तो बाहेरचा नळ सुद्धा होज लावलेला असेल तर फुटतो, कारण आतलं पाणी निघायला जागाच राहत नाही. नळावर फोमची टोपी बसवा, थोड्या डॉलरला मिळते. लॉनच्या स्प्रिंकलरचा जमिनीच्या वर आलेला पितळी भाग असतो त्याचं पाणी काढून गुंडाळून ठेवा. अ‍ॅटिकमधल्या आणि गॅरेजमधल्या पाईपला फोमच्या नळ्या चढवा. विजेची गरम पट्टी लावणार असाल तर ती स्वतःवरच गुंडाळली जाणार नाही असं बघा, नाहीतर आग लागते.

आणि घरी असाल तेव्हा, रात्री फार थंडी असेल तर बाहेरच्या भिंतीवरचे, मेनपासून सगळ्यात लांबचे नळ ठिबकत ठेवा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीची ऊब आत जाते, पण लहान मूल असेल तर आधी तिथल्या फिनाईलच्या बाटल्या हलवा. गॅरेजचं दार बंद. मात्र सिटीने काही वेगळं सांगितलं तर ते ऐका, २०२१ ला ह्यूस्टनमध्ये प्रेशर इतकं पडलं होतं की नळ ठिबकत ठेवू नका असं सांगायची वेळ आली, आणि राज्यात एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्या असा आदेश होता.

एखाद्या नळाला सकाळी पाणीच येत नाहीये, बाकीच्यांना येतंय, तर तो पाईप गोठलाय असं समजा. नळ उघडा ठेवा, आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जात हेअर ड्रायरने गरम करा, किंवा गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा. फ्लेम नको, ब्लोटॉर्च नको, मेणबत्ती पण नको. भिंतीत लाकूड आहे, घर पेटलेलं लोकांनी बघितलंय. आणि कुणीतरी मेनपाशी उभं राहा, कारण बर्फ सुटला की फुटलेलं असेल तर तेव्हाच कळणार.

फुटलाच तर पहिलं काम मेन बंद, फोटो नंतर, फोन नंतर. पाणी विजेच्या बोर्डाजवळ किंवा सिलिंगमधल्या दिव्यातून येत असेल तर ब्रेकर पाडा, पण पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, पायाखाली कोरडं नसेल तर बाहेर पडा आणि ९११ ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करा. मग गीझर बंद. खालचे नळ उघडून पाईपमधलं राहिलेलं पाणी काढा. सिलिंग फुगून खाली आलं असेल तर बाजूला उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने छोटं भोक पाडा आणि खाली बादली ठेवा, नाहीतर सगळं एकदम डोक्यात पडतं. मग व्हिडिओ काढा, सगळ्या खोल्यांचा, काही फेकायच्या आधी. फुटलेला पाईपचा तुकडा जपून ठेवा, इन्शुरन्सवाले मागतात. आणि वाळवायला लगेच लागा, २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते, मग कार्पेटखालचा फोम, भिंतीतलं इन्सुलेशन सगळं काढावं लागतं.

प्लंबर मिळत नाही अशी वेळ येते, २०२१ ला आठवडे आठवडे मिळत नव्हता, दुकानातल्या फिटिंगच्या शेल्फ रिकाम्या होत्या. म्हणून थोडं सामान घरात आधीच ठेवा. आपला पाईप कुठला ते आज बघून घ्या, तांब्याचा, क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, की लाल-निळा पेक्स. पेक्स थोडा ताणतो म्हणून गोठलं तरी कमी फुटतो पण त्याचे जोड फुटू शकतात, सीपीव्हीसी जुना झाला की ठिसूळ होतो. घर ८० च्या किंवा ९० च्या सुरुवातीच्या काळातलं असेल आणि राखाडी रंगाचे प्लॅस्टिक पाईप दिसले तर ते पॉलिब्युटिलिन असू शकतं, त्याला स्वतः हात लावू नका. बाकीच्यांसाठी शार्कबाईट सारखे दाबून बसवायचे जोड मिळतात, अर्धा आणि पाऊण इंची दोन दोन आणून ठेवा, बरोबर पाईप कापायचं छोटं कटर. फुटलेला भाग सरळ कापायचा, कड घासून गुळगुळीत करायची, किती आत जायला पाहिजे तिथे पेनने खूण करायची आणि खुणेपर्यंत दाबायचं. सोल्डरिंग नाही काही नाही. माझ्या मते सगळ्यात उपयोगी म्हणजे त्यातली पाईपचं तोंड बंद करायची टोपी. बाथरूमची एक फांदी फुटली असेल तर ती कापून टोपी दाबून टाका, बाकी घराला पाणी सुरू करता येतं, किचन चालतं, संडास चालतो, आणि प्लंबर आठवड्याने आला तरी माणूस तग धरतो. अगदीच काही नसेल तर बारीक चिरेवर रबराचा तुकडा आणि वर दोन क्लॅम्प आवळून रात्र काढता येते, मेन अर्धवटच उघडायचा. हे तात्पुरतं. भिंत लगेच बुजवू नका, प्लंबरला बघू द्या.

इन्शुरन्सबद्दल एवढंच की अचानक पाईप फुटून झालेलं नुकसान साधारणपणे कव्हर असतं, पण घर रिकामं असताना तुम्ही हीटिंग चालू ठेवलं होतं का किंवा पाणी बंद केलं होतं का हे बऱ्याच पॉलिसीत बघतात, आणि घर फार दिवस रिकामं राहिलं तर वेगळे नियम लागतात. ठाण्याला गेलेल्या त्या कुटुंबाने गॅसचं बिल वाचावं म्हणून हीटिंग अगदी कमी केलेलं होतं, कंपनीने त्यावरून महिनोन्महिने अडवून धरलं. निघायच्या आधी पॉलिसी काढून वाचा, कंटाळवाणी असते पण वाचा. थर्मोस्टॅटचा आणि बंद केलेल्या व्हॉल्व्हचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. आणि वादळानंतर दारात येऊन सगळे पैसे आधी द्या म्हणणाऱ्या ठेकेदाराला पैसे देऊ नका.

आता आईबाबांसाठी, म्हणजे तुमच्या तिकडच्या वाचकांसाठी. मुलीचं बाळंतपण किंवा नातवंडांसाठी तुम्ही हिवाळ्यात इथे येता, दिवसभर घरात तुम्हीच असता, मुलगा सून दोघं ऑफिसात. तेव्हा पहिल्याच आठवड्यात, जेट लॅग उतरला की, जावयाला नाहीतर मुलाला म्हणा चल, पाण्याचा कॉक दाखव. लाजू नका, ते कामात असतील तरी मागे लागा. स्वतःच्या हाताने एकदा बंद करून उघडून बघा, हाताला जड जात असेल तर त्यांना आत्ताच सांगा म्हणजे बदलून घेतील. आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, त्यांना मीटरच्या पेटीपर्यंत वाकता येत नाही म्हणून आम्ही गॅरेजमध्ये कमरेच्या उंचीवर दुसरा व्हॉल्व्ह बसवून घेतला, दांडीला लाल नेलपेंट लावलं आणि वर मराठीत चिठ्ठी चिकटवली, "पाणी बंद, इकडे फिरवा". त्या आल्या की पहिल्या दिवशी तो फिरवून बघतात आणि मगच चहा घेतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आणि जे आईबाबा तिकडेच आहेत त्यांच्याकडे तर माझी जास्त विनंती आहे. तुमची मुलं आमचं ऐकत नाहीत, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दरवर्षी टाकते, वर अंगठे येतात आणि विषय संपतो. पण आईने फोनवर विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. तिकिटं काढली का, सुट्टी मिळाली का हे विचारता तेव्हा हेही विचारा की बाबा रे, घराचं पाणी कुठून बंद होतं, तुझ्याशिवाय अजून कुणाला माहीत आहे, आणि किल्ली कुणाकडे ठेवून येणार. व्हिडिओ कॉलवर तो व्हॉल्व्ह दाखवायला लावा. शेजाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि तिथल्या पाणी खात्याचा रात्रीचा नंबर तुमच्या डायरीत लिहून घ्या, म्हणजे मुलगा विमानात असताना शेजाऱ्याचा फोन तुमच्याकडे आला तर तुम्हाला काही सांगता येईल.

इथल्या महाराष्ट्र मंडळांनाही माझं सांगणं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे जमतात, नाटक, फराळ, ऑर्केस्ट्रा सगळं असतं, त्यात १० मिनिटं काढा आणि आपल्यातल्याच एखाद्या हुशार माणसाला दोन पाईपचे तुकडे, एक कटर आणि एक टोपी घेऊन स्टेजवर उभं करा. ज्यांच्या घरी पाणी घुसलं होतं त्यांना बोलू द्या. आणि डिसेंबरात जे भारतात जाणार त्यांची आणि जे इथेच राहणार त्यांची एक यादी करून जोड्या लावा, राहणाऱ्याने जाणाऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा आणि थंडीच्या लाटेनंतर लगेच चक्कर टाकायची, आत जाऊन, नुसतं गाडीतून बघून नाही. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, आम्ही पाच-सहा मराठी आणि तेलुगू घरांनी हे सुरू केलंय, किल्ल्या एकमेकांकडे आहेत आणि प्रत्येक किल्लीला व्हॉल्व्ह कुठे आहे ते लिहिलेली चिठ्ठी बांधलेली आहे.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर बाकी काही कापा पण मेन व्हॉल्व्हचा आणि आईबाबांचा भाग ठेवा ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, प्लेनो, टेक्सस